रिस्क-फाइव्हसाठी कंपायलर मुळापासून बांधताना

आमच्या उत्पादनातील बोर्डावर चौसष्ट बिटांचा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर आहे आणि त्यावर लिनक्स चालते. बोर्डाबरोबर आलेल्या फाइलव्यवस्थेतील जीलिबसी, म्हणजे सगळे प्रोग्राम ज्या मूळ सी लायब्ररीवर उभे असतात ती, २.३६ या आवृत्तीची आहे. आमच्या सी++ कोडमध्ये मात्र सी++२० मधील, मजकुराची मांडणी करून देणारी ‘फॉरमॅट’ ही सोय ठिकठिकाणी वापरलेली होती, आणि ती जीसीसी या कंपायलरच्या, म्हणजे कोडचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, लायब्ररीत १३व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ सालापासूनच मिळू लागली. उबुंटू २४.०४ वर रिस्क-फाइव्हसाठीचा जीसीसी १३ एका आज्ञेत बसवता येतो, परंतु त्याच्यासोबत येणारी जीलिबसी २.३९ आहे. जुन्या जीलिबसीशी लिंक केलेला, म्हणजे जोडलेला, प्रोग्राम नव्या जीलिबसीवर चालतो. उलट दिशेने तशी हमी नसते.

ही अडचण किती साध्या ठिकाणी उभी राहते ते सांगण्यासारखे आहे. अक्षरांतून पूर्णांक काढणारे ‘स्ट्रटोल’ हे फंक्शन कोणत्याही सी पुस्तकात सापडते. जीलिबसी २.३८ मध्ये, शून्य आणि ‘बी’ने सुरू होणारे द्विमान अंकही त्याला वाचता यावेत यासाठी, या फंक्शनचे नवे रूप वेगळ्या अंतर्गत नावाने आले. जी++, म्हणजे जीसीसीचा सी++ कंपायलर, जीएनयू विस्तार आपोआप चालू ठेवतो, त्यामुळे ‘स्ट्रटोल’ला केलेली जुनीच हाक नव्या हेडर फाइलींमुळे, म्हणजे लायब्ररीतील फंक्शनांची घोषणा करणाऱ्या फाइलींमुळे, त्या नव्या नावाशी जोडली जाते. कोडमधली एकही ओळ बदललेली नसते. तरीही बोर्डावरचा लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना त्याला लायब्रऱ्या जोडून देणारा भाग, २.३८ आवृत्तीचे चिन्ह सापडत नाही असे सांगून प्रोग्राम सुरूच करत नाही. सर्व काही स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लायब्रऱ्या प्रोग्रामच्या आतच भरून, यातून सुटता आले असते, पण आमचा प्रोग्राम चालू असताना प्लगइन उचलतो, त्यामुळे तो मार्ग बंद होता. आम्हाला हवा होता तो नवा कंपायलर आणि जुनी लायब्ररी यांचा नेमका जोड, आणि तो तयार मिळत नव्हता.

म्हणून मी जीसीसी १३.२, बिनयुटिल्स २.४१, लिनक्स ६.१ च्या हेडर फाइली आणि जीलिबसी २.३६ यांचे मूळ स्रोत उतरवून घेतले. क्रॉसटूल-एनजी किंवा बिल्डरूट या तयार साधनांनी हे काम बरेचसे आपोआप केले असते आणि ज्यांना केवळ निकाल हवा आहे त्यांनी तोच मार्ग धरावा असे माझे मत आहे. आम्हाला मात्र ही साधने कित्येक वर्षे सांभाळायची होती, आणि कोणता पर्याय कशासाठी दिला आहे हे विचारल्यावर सांगता आले पाहिजे, अशी माझी स्वतःकडून अपेक्षा होती.

या सगळ्या कामाची किल्ली तीन नावांत आहे. ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट बिल्ड, होस्ट आणि टार्गेट अशी तीन यंत्रे ओळखते. बांधकाम ज्या यंत्रावर चालू आहे ते बिल्ड. बांधून तयार झालेली वस्तू ज्यावर चालणार ते होस्ट. आणि ती वस्तू ज्याच्यासाठी कोड निर्माण करणार ते टार्गेट. आमच्या जीसीसीसाठी बिल्ड आणि होस्ट दोन्ही इंटेलची साधी लिनक्स यंत्रे होती आणि टार्गेट रिस्क-फाइव्ह. इथपर्यंत सर्वांच्या लक्षात येते. गोंधळ होतो तो जीलिबसीपाशी. जीलिबसी स्वतः कोणताही कोड निर्माण करत नाही, म्हणून तिच्या बाबतीत टार्गेटला अर्थच नाही. ती बोर्डावर चालणार असल्यामुळे तिचे होस्ट रिस्क-फाइव्ह असते. म्हणजे जे नाव जीसीसीला टार्गेट म्हणून द्यायचे तेच जीलिबसीला होस्ट म्हणून द्यायचे. प्रत्येक पायरीवर ‘ही वस्तू कोठे चालणार आहे?’ एवढाच प्रश्न स्वतःला विचारला की पर्यायांची ती लांबलचक ओळ आपोआप वाचता येऊ लागते, आणि हा प्रश्न न विचारता कोणाच्या तरी आज्ञा जशाच्या तशा उतरवल्या की त्यांतला एखादा शब्द बदलायची वेळ आल्यावर माणूस अडतो.

बिनयुटिल्स, म्हणजे असेंबलर, लिंकर आणि त्यांच्या जोडीची साधने, फारशी कुरकुर न करता तयार होतात. येथे पाळण्याची शिस्त एकच: स्रोताच्या डिरेक्टरीत बांधकाम करू नये, त्यासाठी वेगळी रिकामी डिरेक्टरी करावी आणि तेथून कॉन्फिगरला हाक मारावी. जीसीसीच्या बाबतीत तर अधिकृत सूचनांमध्येच तसे बजावलेले आहे आणि जीलिबसी स्रोताच्या डिरेक्टरीत कॉन्फिगर होण्यास साफ नकार देते. या शिस्तीचा फायदा असा की काही बिघडल्यास ती एक डिरेक्टरी पुसून पुन्हा सुरुवात करता येते आणि मूळ स्रोत स्वच्छ राहतो.

आता खरा पेच येतो. संपूर्ण जीसीसी बांधायचा तर त्याच्या सोबतच्या लायब्रऱ्यांना, विशेषतः सी++ च्या लायब्ररीला, टार्गेटची सी लायब्ररी लागते. ती सी लायब्ररी बांधायची तर टार्गेटसाठी कोड निर्माण करणारा जीसीसी लागतो. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसलेले असतात. यावरचा उपाय म्हणजे जीसीसी दोनदा बांधणे. पहिल्या फेरीत फक्त सी भाषा जाणणारा, सी लायब्ररीची अजिबात अपेक्षा न ठेवणारा एक तोकडा कंपायलर करायचा; त्याने जीलिबसी बांधायची; आणि मग त्या जीलिबसीच्या आधाराने पूर्ण कंपायलर करायचा. पहिल्या फेरीत ‘विदाउट-हेडर्स’ आणि ‘विथ-न्यूलिब’ हे पर्याय एकत्र द्यावे लागतात. आमच्या कामाशी न्यूलिब या दुसऱ्या सी लायब्ररीचा काहीही संबंध नाही. हा पर्याय दिल्यामुळे जीसीसीची अंतर्गत मदतनीस लायब्ररी, लिबजीसीसी, सी लायब्ररीला हाक मारणारे आपले भाग वगळून बांधली जाते, एवढ्यासाठीच तो लागतो. याखेरीज थ्रेड, शेअर्ड लायब्रऱ्या, ओपनएमपी आणि सी++ हे सगळे या फेरीपुरते बंद ठेवायचे असते.

जीसीसीला गणितासाठी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्रऱ्या लागतात. स्थिरांकांची गणिते कंपायलर स्वतः आधीच करून ठेवतो आणि ती टार्गेटच्या अचूकतेने करावी लागतात, यजमान यंत्राच्या नव्हे, म्हणून त्यांची गरज. जीसीसीच्या स्रोतातच ‘कॉन्ट्रिब’ डिरेक्टरीत एक स्क्रिप्ट आहे, जी योग्य आवृत्त्या उतरवते, त्यांची बेरीजतपासणी (चेकसम) करते आणि स्रोताच्या डिरेक्टरीतच ठेवते; मग त्या कंपायलरबरोबरच बांधल्या जातात आणि त्याच्या आतच जोडल्या जातात. ज्या यंत्रावर प्रशासकाचे अधिकार नसतात तेथे हा मार्ग फार सोयीचा पडतो.

पहिली फेरी अर्ध्यावर थांबली ती लिबजीसीसीपाशी. कंपायलर बांधून झाला होता आणि लिबजीसीसीच्या कॉन्फिगरने ‘कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स: कॅनॉट कंपाइल’ असे सांगून काम बंद केले. जीसीसी बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा संदेश कधी ना कधी पाहिलेला असतो आणि तो जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याचा खरा अर्थ इतकाच असतो की नुकत्याच बांधलेल्या कंपायलरला रिकाम्यात रिकामा प्रोग्रामसुद्धा कंपाइल करता आला नाही. का करता आला नाही, ते ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलीत लिहिलेले असते. पण ही फाइल एक नसते. बांधकामाच्या सर्वांत वरच्या डिरेक्टरीत एक असते, ‘जीसीसी’ उपडिरेक्टरीत दुसरी, आणि टार्गेटच्या नावाच्या डिरेक्टरीत लिबजीसीसीच्या आत तिसरी. वरची फाइल वाचून काहीच हाती लागत नाही. तिसरी उघडली आणि शेवटाकडून वर सरकत गेले, तेव्हा घोडे कोठे पेंड खात होते ते दिसले: तेथे असेंबलर ‘मार्च’ पर्यायातील आरव्ही६४ हे नाव अवैध आहे अशी तक्रार करत होता. रिस्क-फाइव्हच्या असेंबलरने अशी तक्रार करण्याचे काहीच कारण नाही. म्हणजे बोलावला जात होता तो इंटेलचा असेंबलर.

त्यामागचे कारण मला उद्बोधक वाटले. त्या यंत्रावर बिनयुटिल्स आधीच एका सहकाऱ्याने बांधून ठेवलेले होते आणि त्यांना टार्गेटचे नाव तीन भागांचे, ‘रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयू’ असे दिलेले होते. मी जीसीसीला चार भागांचे, मध्ये ‘अननोन’ असलेले नाव दिले होते. कॉन्फिगरच्या दृष्टीने ही दोन्ही एकाच यंत्राची नावे आहेत, ‘कॉन्फिग.सब’ ही स्क्रिप्ट पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात करते. मात्र साधनांची नावे आणि ती जेथे बसवली जातात त्या डिरेक्टऱ्या आपण जसे लिहून दिले तशाच ठरतात. त्यामुळे जीसीसी आपल्या नावाच्या डिरेक्टरीत असेंबलर शोधत राहिला, तो तेथे नव्हता, आणि शेवटी शोधमार्गात ‘एएस’ या नावाचे जे काही सापडले ते त्याने चालवले. बिनयुटिल्स त्याच चार भागांच्या नावाने पुन्हा बांधले आणि जीसीसीची डिरेक्टरी पुसून कॉन्फिगर नव्याने चालवले. केवळ ‘मेक’ ही बांधकामाची आज्ञा पुन्हा चालवून भागत नाही, कारण असेंबलरला काय काय येते याची चाचणी जीसीसी कॉन्फिगरच्या वेळीच घेतो आणि ती उत्तरे कायमची लिहून ठेवतो. असेंबलर नसताना घेतलेल्या चाचणीवर उभा राहिलेला कंपायलर पुढे चालला तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही.

दुसरी अडचण स्मृतीची होती. जीसीसीत प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन एका खास, कंसांनी भरलेल्या भाषेत लिहिलेले असते. रिस्क-फाइव्हचे वर्णन ‘रिस्कव्ही.एमडी’ आणि तिच्या भावंडफाइलींत आहे. बांधकामाच्या वेळी आधी ‘जेन’ने सुरू होणाऱ्या नावांचे अनेक छोटे प्रोग्राम तयार होतात, ते तेथल्या तेथे चालवले जातात, आणि ते या वर्णनांतून प्रचंड आकाराच्या सी++ फाइली निर्माण करतात: एक फाइल सूचना ओळखणारी आणि एक सूचना उत्पन्न करणारी. बीजगणिती सोपी रूपे शोधणारी ‘गिंपल-मॅच’ ही फाइलही अशीच तयार होते, मात्र ती ‘मॅच.पीडी’ या वेगळ्या नियमफाइलीतून. म्हणजे आपण उतरवलेल्या जीसीसीचा मोठा भाग आपल्या यंत्रावर पोहोचतो तेव्हा अस्तित्वातच नसतो. या फाइली कंपाइल होताना एकेक प्रक्रिया भरपूर स्मृती खाते. सगळ्या गाभ्यांवर एकदम काम सोपवले की कर्नल त्यांतल्या एखाद्या प्रक्रियेला मारून टाकतो आणि पडद्यावर ‘सीसी१प्लस’ मारला गेला एवढाच संदेश उरतो. समांतर कामांची संख्या कमी केली की तेच बांधकाम मुकाट्याने पुढे जाते. जीसीसी १४ मध्ये ‘गिंपल-मॅच’ आणि सूचना उत्पन्न करणारी फाइल यांचे तुकडे पाडण्यात आले आहेत, आणि त्यामुळे वेळही वाचतो.

या वर्णनफाइली वाचताना मला मुंबईच्या आयआयटीतील जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळांची टिपणे फार उपयोगी पडली. प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तेथे जीसीसीच्या अंतरंगावर अध्यापन झाले आणि कंपायलर बांधला जाताना काय घडते, बांधून झाल्यावर काय घडते आणि तो वापरला जाताना काय घडते, या तीन काळांची सरमिसळ होऊ न देता ते कसे समजून घ्यावे, हे त्यांतून स्वच्छ कळते. पुण्यातही केपीआयटी कमिन्सने रेनेसासच्या प्रोसेसरांसाठी जीएनयू साधने बांधून मोफत उपलब्ध करून दिली होती. आपल्याकडे या विषयाची परंपरा आहे, आणि तिच्याविषयी अधिक लिहिले जावे असे मला मनापासून वाटते.

तोकडा कंपायलर तयार झाल्यावर कर्नलच्या हेडर फाइली ‘सिसरूट’मध्ये ठेवल्या. सिसरूट म्हणजे बोर्डाच्या मूळ फाइलव्यवस्थेची आपल्या यंत्रावरची प्रतिकृती. कंपायलर हेडर आणि लायब्रऱ्या तेथूनच घेतो. त्यानंतर जीलिबसीची पाळी. तिचे कॉन्फिगर सुरुवातीलाच गॉक, बायसन आणि पायथन ही साधने मागते, आणि डेबियन घराण्यातील यंत्रांवर अनेकदा गॉकऐवजी मॉक असल्यामुळे तेथेच अडते. जीलिबसीचा प्रिफिक्स, म्हणजे ती जेथे बसणार तो मूळ मार्ग, मात्र साधा ‘/यूएसआर’ ठेवायचा, सिसरूटचा लांब मार्ग द्यायचा नाही, कारण हा मार्ग लायब्ररीच्या पोटात लिहिला जातो आणि बोर्डावर गेल्यावर तिला तो खरा वाटला पाहिजे. सिसरूट सांगायचा तो शेवटी, बसवण्याच्या आज्ञेत. ‘एनेबल-कर्नल’ला मी ४.१५ दिले. लिनक्समध्ये रिस्क-फाइव्हचा आधारच २०१८ च्या जानेवारीत आलेल्या त्या आवृत्तीपासून सुरू होतो, तेव्हा त्याच्या मागे जाण्यात काही अर्थ नव्हता. तसेच जीलिबसी इशाऱ्यांना चुका मानते. तिच्यानंतर आलेला कंपायलर तिच्या जन्मवेळी अस्तित्वात नसलेले इशारे देऊ शकतो, म्हणून ‘डिसेबल-वेरर’ दिले.

जीलिबसी बसल्यावर एक गोष्ट पाहून क्षणभर थबकायला होते. लायब्रऱ्या ‘लिब’मध्ये नसतात, ‘लिब६४’ आणि त्याखाली ‘एलपी६४डी’ अशा डिरेक्टरीत असतात. हे नाव एबीआयचे, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रामांनी एकमेकांशी पाळायच्या कराराचे, आहे: लाँग आणि पॉइंटर चौसष्ट बिटांचे, आणि दशांश संख्या दुप्पट अचूकतेच्या रजिस्टरांतून देण्याचा करार. आमच्या बोर्डावरील फाइलव्यवस्थेत लायब्रऱ्या डेबियनच्या पद्धतीने वेगळ्याच डिरेक्टरीत होत्या. तरीही काही बिघडत नाही, कारण लोडरचा मार्ग एबीआयने पक्का केलेला आहे, तो दोन्हीकडे ‘/लिब’मध्ये एकाच नावाने असतो, आणि पुढच्या लायब्रऱ्या कोठे आहेत हे ज्याचे त्याला माहीत असते.

दुसऱ्या फेरीचा जीसीसी त्या मानाने सरळ होता. सी आणि सी++ दोन्ही भाषा, सिसरूटचा पत्ता, आरव्ही६४जीसी हा सूचनासंच, एलपी६४डी हा करार आणि मल्टिलिब, म्हणजे अनेक सूचनासंचांसाठी लायब्रऱ्यांच्या वेगवेगळ्या प्रती बांधणे, बंद, एवढे सांगितले आणि तो शेवटपर्यंत गेला.

तो बरोबर आहे हे कसे ठरवायचे, यावर मी जास्त वेळ घालवला. आपल्याच यंत्रासाठी जीसीसी बांधतो तेव्हा तो तीन टप्प्यांत स्वतःला बांधतो: जुन्या कंपायलरने पहिला, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, आणि मग दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील ऑब्जेक्ट फाइली एकसारख्या आहेत की नाहीत हे पाहतो. त्या वेगळ्या निघाल्या तर बांधकाम तेथेच थांबते. परक्या यंत्रासाठीच्या कंपायलरला ही कसोटी उपलब्ध नाही, कारण त्याच्या हातून निर्माण झालेले प्रोग्राम येथे थेट चालतच नाहीत. म्हणून तपासणी बाहेरून करावी लागते. मी दोन पूर्णांकांची बेरीज परत करणारे फंक्शन ऑप्टिमायझेशन लावून कंपाइल केले आणि ऑब्जडंप या साधनाने त्यातील यंत्रसूचना उलगडून पाहिल्या. त्यात दोनच सूचना होत्या: ‘९डी२डी’, म्हणजे ए१ मिळवून उत्तर ए० मध्ये ठेवणारी बत्तीस बिटांची बेरीज, आणि ‘८०८२’, म्हणजे परत जा. दोन्ही सोळा बिटांच्या संक्षिप्त सूचना, संपूर्ण फंक्शन चार बाइटांचे. आरव्ही६४जीसीमधील ‘सी’ हे अक्षर खरोखरच लागू झाले होते. नंतर रीडएल्फ या साधनाने लोडरचा मार्ग पाहिला, क्यूएमू या रिस्क-फाइव्हचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रामला सिसरूट दाखवून काही प्रोग्राम चालवले, आणि शेवटी जीसीसीचा स्वतःचा चाचणीसंच डेजाग्नू या चाचण्या चालवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने त्याच क्यूएमूवर लावला. या संचात काही चाचण्या अयशस्वी होणारच. नुसता आकडा पाहून घाबरू नये किंवा निश्चिंतही होऊ नये. अयशस्वी चाचण्यांची यादी जपून ठेवावी आणि पुढच्या बांधकामाच्या यादीशी ताडून पाहावी. नव्याने दाखल झालेले नाव हेच महत्त्वाचे असते.

बोर्डावर पहिला सी प्रोग्राम लगेच चालला. सी++ चा प्रोग्राम मात्र बोर्डावरील सी++ लायब्ररी जुनी असल्याने अडणार हे अपेक्षित होते: जीसीसी १३.२ ची लायब्ररी ३.४.३२ पर्यंतची आवृत्तिचिन्हे देते आणि जीसीसी १२ ची ३.४.३० पर्यंतच. येथे जीलिबसीसारखी अडचण नाही, कारण ही लायब्ररी प्रोग्रामसोबत त्याच्याच डिरेक्टरीत पाठवता येते आणि शोधमार्ग प्रोग्रामच्या आत लिहिता येतो. जीलिबसी आणि लोडर यांची जोडी अशी बाजूला ठेवून वापरणे फार नाजूक काम आहे. म्हणूनच त्या दोघांची आवृत्ती बोर्डाशी जुळवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला.

आता सगळ्या पायऱ्या एका स्क्रिप्टमध्ये आहेत, प्रत्येक स्रोताची बेरीजतपासणी तिच्यात नोंदलेली आहे, आणि ‘विथ-पीकेजीव्हर्जन’ हा पर्याय दिल्यामुळे कंपायलरला त्याची आवृत्ती विचारली की तो आमच्या बांधकामाचा क्रमांकही सांगतो. सिसरूट प्रिफिक्सच्या आतच ठेवला असल्यामुळे संपूर्ण डिरेक्टरी उचलून दुसरीकडे ठेवली तरी कंपायलर तो आपल्या नव्या जागेवरून शोधून काढतो. एका सहकाऱ्याने ती आपल्या होम डिरेक्टरीत उलगडली, ‘प्रिंट-सिसरूट’ने विचारले, त्याच्याच डिरेक्टरीचा मार्ग उत्तरात आला, आणि त्याने कामाला सुरुवात केली. जीडीबी, म्हणजे प्रोग्राममधील दोष शोधणारा डिबगर, अजून बांधायचा राहिला आहे. त्याचे टार्गेट रिस्क-फाइव्ह आणि होस्ट इंटेल, आणि बोर्डावर चालणाऱ्या जीडीबीसर्व्हरचे होस्ट मात्र रिस्क-फाइव्ह.